क्रीटला जीवशास्त्राच्या फील्ड कोर्ससाठी निघताना
विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

ग्रीसच्या क्रीट बेटावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे आपला सह्याद्री भाद्रपदात फुलतो, तर तिथल्या टेकड्या मार्च-एप्रिलमध्ये. मेअखेर बहुतेक वर्षायू रोपे बी टाकून वाळलेली असतात. वनस्पतींचा कोर्स निवडताना तारखा आधी पाहा.

व्हिसा
भारतातून जाणाऱ्याला ग्रीसचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा) लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची असली तरी तिथवर थांबू नका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांना तिथला व्हिसा ग्रीसमध्ये चालत नाही, वेगळा काढावा लागतो. जर्मनीचा वैध निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

काय घ्यावे
पैसे बुटांवर आणि भिंगावर खर्च करा, कॅमेऱ्यावर नाही. फ्रिगाना म्हणजे गुडघाभर उंचीच्या काटेरी झुडपांचे रान. त्यातल्या सार्कोपोटेरियम या झुडपाचे काटे जाळीदार स्पोर्ट्स शूजमधून सहज आत जातात. घोट्यापर्यंतचे, जाड तळाचे बूट आणि पूर्ण लांबीची जाड पँट हवी. भिंग १० पटींचे पुरे. दोरी लावून गळ्यात घाला. नोंदी पेन्सिलीने करा, शाई ओली झाली की फुटते. डोंगरात उंचावर एप्रिलमध्येही बर्फ असतो, म्हणून एक उबदार जाकीट घ्या. पॉवर बँक हँडबॅगेतच, चाकू-कात्री चेक-इन सामानात.

झुडपांची मोजणी
निम्मे प्रकल्प इथे अडखळतात. जमिनीवर ठेवून आतली रोपे मोजायची ५० सेंमीची चौकट गवतासाठी ठीक आहे. फ्रिगानात एकच झुडूप ती भरून टाकते. तिथे २० मीटरचा टेप सरळ ताणा आणि टेपखाली येणाऱ्या प्रत्येक झुडपाची लांबी जातीनुसार लिहा. एका जातीची बेरीज ७.४ मीटर आली, तर तिचे आच्छादन ३७ टक्के. टेप काट्यांवर झोके खात असेल तर आकडा फुगतो, म्हणून दोन्ही टोके खुंटीला घट्ट बांधा. सुरुवातीची जागा यादृच्छिक आकड्यांनी ठरवा. रस्त्याकडेची जागा सोयीची वाटते, पण तिथली माती आणि चराई आतल्या उतारापेक्षा वेगळी असू शकते. आणि एकाच उतारावर पाच टेप टाकले म्हणजे पाच उतार मोजले असे होत नाही. शेळ्यांच्या चराईचा परिणाम तपासायचा असेल, तर चरलेले आणि कुंपणातले असे अनेक वेगवेगळे उतार हवेत. नोंदी त्याच रात्री संगणकावर चढवा. जातींच्या नावांसाठी लिहिलेली स्वतःचीच आद्याक्षरे दुसऱ्या दिवशी लागत नाहीत.

समुद्र
कोकणातल्यासारखी काही मीटरची भरती-ओहोटी इथे नसते, पाणी जेमतेम वीतभर वर-खाली होते. म्हणून खडकांवर फिरून भागत नाही, स्नॉर्केल लावून उतरावे लागते. एप्रिलमध्ये पाणी साधारण १७ अंशांचे असते. ५ मिमीचा वेटसूट नसेल तर थोड्याच वेळात हात थरथरू लागतात आणि मोजणी चुकते. पोसिडोनिया या समुद्री गवताची दाटी ४० बाय ४० सेंमीच्या चौकटीत मोजतात आणि ६.२५ ने गुणून चौरस मीटरचा आकडा काढतात. पाने मोजू नका, फुटवे मोजा. एका फुटव्यात अनेक पाने असतात. गवत उपटू नका, ते संरक्षित आहे. उतरायचे ते जोडीनेच: एक खाली, एक वर लक्ष ठेवून.

समारिया घळ
१६ किमीची ही वाट सहसा १ मेपासून खुली होते. शेवटच्या आगिया रूमेली गावाला मोटाररस्ता नाही, बोटीनेच परतावे लागते. बोटीची वेळ आधी पाहा. एप्रिलच्या गटांसाठी इम्ब्रोस घळ जास्त व्यवहार्य आहे.

जेवण
शाकाहारी असाल तर डाळीचा फावा, दाकोस (टोमॅटो-चीज घातलेला कडक पाव) आणि उकडलेली रानभाजी होर्ता मिळते. मात्र उपवासाचे म्हणून मिळणारे ‘निस्तिसिमो’ म्हणजे शाकाहारी असे समजू नका. त्यात दूध, अंडी, मांस नसते, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो.

नमुने
ऑर्किड तोडायचे नाही, फोटो काढायचा. बाकी गोळा करायचे ते कोर्सच्या परवानगीपत्रात असेल तेवढेच. भारतात वनस्पती आणायला आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचे) प्रमाणपत्र लागते, म्हणून वाळवलेले नमुने तिथल्या संग्रहातच ठेवून या. अडचणीत ११२ फिरवा.

टेप, चौकटी आणि वेटसूट आमच्याकडे भाड्याने मिळतात. मापासाठी निघण्याच्या दोन आठवडे आधी या.