पार्श्वभूमी : ताई ची आणि १९५६ची काटछाट

ताई ची म्हणजे आज संथ हालचालींचा व्यायाम म्हणून ओळखली जाणारी चिनी युद्धविद्या. तिचा इतिहास वुदांग पर्वतावरच्या ताओपंथी साधूपासून सुरू करायची पद्धत आहे. त्याने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली, त्यावरून ही विद्या रचली वगैरे. ती दंतकथाच. खात्रीचा माग लागतो तो १७व्या शतकात, हेनान प्रांतातल्या चेनजियागौ या चेन घराण्याच्या गावात. आणि तिथे शिकवलं जायचं ते लढण्यासाठी. १९व्या शतकात यांग घराण्याने ही विद्या बीजिंगला नेली. त्याच घराण्याच्या तिसऱ्या पिढीने १९२०च्या दशकापर्यंत उड्या आणि पाय आपटणं गाळून संथ, एकसारखी लय रूढ केली. चीनला ‘पूर्व आशियाचा आजारी माणूस’ म्हणून हिणवलं जाण्याचा तो काळ. व्यायामातून देश सुदृढ करण्याचं वारं वाहत होतं. (आपल्याकडे औंध संस्थानात सूर्यनमस्कारांचा प्रचार चालला होता तोही याच सुमारास.)

आज तोल, गुडघे आणि झोपेसाठी जी ताई ची सुचवली जाते, तिच्या मागे मात्र १९५६ सालचा एक सरकारी निर्णय उभा आहे. नव्या साम्यवादी राजवटीला कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात सगळ्यांना जमेल असा व्यायाम हवा होता. रेडिओवरच्या कवायती १९५१मध्येच सुरू झाल्या होत्या. क्रीडा आयोगाने जाणकारांना बसवलं आणि यांग शैलीच्या शंभराच्या आसपास हालचालींमधून २४ निवडून घेतल्या. पुनरावृत्ती काढली, सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावला, उजवीकडे होणाऱ्या काही हालचाली डावीकडेही करायला लावल्या. वीसेक मिनिटांचा संच पाच-सहा मिनिटांवर आला.

जुन्या घराण्यांच्या शिष्यांना हे अजून पटलेलं नाही. जोडीदाराबरोबरचा ‘हात ढकलण्याचा’ सराव मागे पडला, प्रत्येक हालचालीमागचा डाव विसरला गेला, उरली ती कवायत, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांच्यापर्यंत ताई ची पोचली ती या संक्षेपामुळेच, हेही विसरून चालणार नाही. शिवाय ‘अस्सल’ यांग शैलीही चेन शैलीची काटछाटच नव्हती का? माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) जुने गुरू छळले गेले, तेव्हा हा सरकारमान्य संच त्या मानाने सुरक्षित राहिला.

फायद्यांचे भक्कम पुरावे आले ते १९९०नंतर, आणि बरेचसे अमेरिकेतून. १९९६च्या एका चाचणीत सत्तरीच्या पुढच्या २०० जणांपैकी काहींना पंधरा आठवडे १० हालचाली शिकवल्या. त्यांच्यात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. कारण तसं साधं आहे. गुडघे किंचित वाकवलेले, पाऊल आधी रिकामं टेकवायचं, मग त्यावर हळूहळू वजन न्यायचं. घोट्याला आणि मांडीला एकेका पायावर शरीर पेलायची सवय लागते, आणि म्हातारपणी पडणं बहुधा नेमकं वजन बदलतानाच होतं. २०१२मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे हाच प्रयोग झाला. तिथेही तोल सुधारला. २०१६मध्ये गुडघ्याच्या संधिवातात ताई ची फिजिओथेरपीच्या बरोबरीची ठरली.

युनेस्कोने २०२०मध्ये तिला वारसा यादीत घेतलं. दरम्यान, वृद्धांनी पडू नये म्हणून अमेरिकेत ताई चीचा जो कार्यक्रम बराच तपासला गेला, त्यात २४ हालचालींमधूनही आठच ठेवल्या आहेत.