चोवीस पट लहान काळी-पिवळी

मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळ फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी आता हवी असेल तर टेबलावर घडवायची. स्केल मॉडेलमागचं विज्ञान समजून घ्यायला मला तरी हिच्याइतकी चांगली गाडी दुसरी सुचत नाही. एकाच बॉडीवर पिवळा आणि काळा, म्हणजे रंगकामातले दोन सर्वांत हट्टी रंग. शिवाय क्रोमचे बंपर, क्रोमची जाळी आणि वाचता येईल असा नंबर, हे सगळं आहेच.

आधी थोडं गणित. खरी पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब. १:२४ या प्रमाणात ती १६ सेंटिमीटरची होते. लांबी २४ पटींनी घटली की पृष्ठभाग ५७६ पटींनी घटतो आणि घनफळ १३,८२४ पटींनी. खऱ्या गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास, म्हणजे त्याच हिशेबाने मॉडेल ६५ ग्रॅमचं भरायला हवं. हा आकडा प्लॅस्टिकच्या किटपासून, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल करायच्या संचापासून, फार लांब नाही. पण पत्र्याची जाडी बघा. खरा पत्रा एखाद मिलिमीटरचा. प्रमाणात तो ०.०४ मिलिमीटरचा व्हायला हवा, आणि इतक्या पातळ साच्यातून वितळलेलं प्लॅस्टिक वाहणार नाही. म्हणून किटची बॉडी मिलिमीटरभर जाड असते. खऱ्या गाडीच्या मापात हा २४ मिलिमीटरचा पत्रा झाला, रणगाड्याला शोभेल असा. जाणकार मॉडेलर चाकांच्या कमानींच्या कडा आतून तासून पातळ करतात. जाडी दिसते ती फक्त कडेलाच, त्यामुळे तेवढ्यानेही गाडी एकदम खरी वाटायला लागते.

या छंदाचा गाभा मला इथे दिसतो. भूमिती हव्या त्या प्रमाणात लहान करता येते. प्रकाशाची तरंगलांबी, रंगाचा थेंब, द्रवाचा पृष्ठताण मात्र लहान होत नाहीत. मॉडेलरचं बहुतेक कौशल्य या न आटणाऱ्या गोष्टींशी जुळवून घेण्यात खर्च होतं.

जोडकामात हाच पृष्ठताण मदतीला येतो. बहुतेक किट पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांच्यासाठीचं पातळ सिमेंट म्हणजे मुळात द्रावक. दोन भाग एकमेकांना टेकवून फटीवर ब्रशचं टोक लावलं की केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, द्रावक आत धावतं. दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक क्षणभर मऊ होतं, लांबलचक रेणू शेवयांसारखे एकमेकांत गुंततात, द्रावक उडून जातं आणि दोन भागांचा एक भाग होतो. चिकटवण्यापेक्षा हे वेल्डिंगला जवळचं. फेविक्विकची जात वेगळी. ते सायनोअॅक्रिलेट, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने त्याचे रेणू साखळ्या बांधतात. घाई असेल तिथे ते कामाचं, पण काचांच्या जवळ नको. त्याची वाफ आसपास बसून घट्ट होते आणि विंडशील्डवर पांढरं धुकं धरतं.

रंगाला हात लावण्याआधी दारांच्या फटी कोरून खोल कराव्यात. खऱ्या गाडीत दार आणि बॉडीत पाचेक मिलिमीटरची फट असते, मॉडेलवर ती ०.२ मिलिमीटर उरते. पृष्ठताणामुळे ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो आणि खाचेत जमतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट असे तीन थर चढेपर्यंत उथळ फट बुजून जाते आणि दार उघडेल असं वाटतच नाही.

आता पिवळा. टॅक्सीचं छत पिवळं, खालची बॉडी काळी. आधी पिवळा मारायचा, तोही पांढऱ्या प्रायमरवर. यामागे प्रकाशाचं वागणं आहे. रंगद्रव्याचे कण खालचा पृष्ठभाग झाकतात ते प्रकाश विखरून. हे विखुरणं किती होईल ते कण आणि त्यांना धरून ठेवणारा बाइंडर यांच्या अपवर्तनांकातल्या (प्रकाश किती वाकतो त्या मापातल्या) फरकावर ठरतं. पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, बाइंडरचा १.५. एवढ्या फरकामुळे पांढरा चटकन झाकतो. आजच्या बऱ्याच पिवळ्या सेंद्रिय रंगद्रव्यांचा अंक बाइंडरच्या बराच जवळ असतो. प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो, खालच्या थरावर आपटून परत येतो आणि खालचा रंग सोबत घेऊन येतो. खाली काळं असेल तर पिवळा हिरवट, मळकट दिसतो. कितीही थर द्या, तो उजळत नाही. शिसं असलेला जुना क्रोम यलो चांगला झाकायचा, पण तो विषारी. आपल्याला पांढऱ्याचा आधारच बरा.

पिवळा पूर्ण वाळला की छताला मास्किंग टेप. टेपची कड नखाने कितीही दाबली तरी तिच्याखाली बारीक फटी राहतातच आणि तेच केशाकर्षण काळा रंग त्यांतून आत ओढतं. यावर सोपा उपाय आहे. टेप लावल्यावर कडेवर आधी पिवळ्याचाच एक हलका हात मारायचा. फटींत शिरायचा तो पिवळाच शिरतो, वाट बंद होते आणि मग वरच्या काळ्याची रेघ सुरीने कापल्यासारखी येते.

काळा चकचकीत रंग आतल्या भागातून जवळजवळ काहीच प्रकाश परत पाठवत नाही. डोळ्याला दिसतं ते फक्त पृष्ठभागावरचं प्रतिबिंब, त्यामुळे पृष्ठभागातली प्रत्येक खोट उघडी पडते. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीतून, सुटणारा ३० मायक्रॉनचा थेंब २४ ने गुणला तर खऱ्या गाडीवर ०.७ मिलिमीटरचा खडा होतो. थेंब पसरून एकजीव झाले नाहीत की गॅरेजवाले ज्याला ऑरेंज पील म्हणतात तो खरखरीतपणा येतो. थर सपाट होण्याचं काम पुन्हा पृष्ठताणाचंच, पण त्याचा वेग थराच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. थर निम्मा केला की सपाट व्हायला आठपट वेळ लागतो आणि तेवढ्यात थिनर उडून जातं. बारकावे जपायला थर पातळ हवा, चकाकीला ओला हवा. म्हणून आधी दोन-तीन अगदी हलके हात मारायचे आणि शेवटी एकच ओला, ओघळ येण्याच्या जरा अलीकडे थांबणारा. सगळ्यांत जास्त सराव या शेवटच्या हाताचा लागतो.

कोकणपट्टीत राहणाऱ्यांना पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी ज्या तापमानाला जमायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास येतो. लॅकर थिनर वेगाने उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं आणि तीन अंशांचा थंडावा सहज निर्माण करतं. मग ओल्या रंगावर हवेतलं पाणी बसतं आणि काळी बॉडी राखाडी, पांढरट पडते. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर वापरा किंवा एसी लावून खोली आधी कोरडी करा. खोली बंद करायची असेल तर फवारा बाहेर ओढणारा पंखा आणि सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क हवाच. कापडी मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही.

रंग आतपर्यंत वाळला का, हे नाकाला कळतं. बॉडीला थिनरचा वास येत असेल तर थांबा. वास गेला की पॉलिश. २००० नंबरच्या पॉलिश पेपरचे ओरखडे काही मायक्रॉनचे, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. ओरखडे तरंगलांबीहून मोठे आहेत तोवर प्रकाश विखुरतो आणि काळा धुरकट दिसतो. कंपाउंड (पॉलिशची बारीक लेप) घासत ओरखडे त्याखाली नेले की काळ्यात खोलीतला दिवा स्वच्छ उमटतो. कडांवर मात्र घासू नका. पृष्ठताणाने तिथला थर आधीच पातळ केलेला असतो.

किटमधले क्रोमचे भाग म्हणजे निर्वात कक्षात प्लॅस्टिकवर बसवलेलं अॅल्युमिनियम. पण बंपर साच्यातल्या ज्या काडीला जोडलेला असतो तिथून कापला की डाग उरतोच. घरगुती ब्लीचमध्ये भाग ठेवला की त्यातल्या अल्कलीने अॅल्युमिनियम विरघळून जातं. हे करताना टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल चुकूनही जवळ आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. मग भागावर चकचकीत काळा बेस आणि वर अगदी बारीक कणांचा क्रोम रंग, तोही धुरासारखा विरळ. बेस जितका गुळगुळीत तितका आरसा चांगला.

टायर बसवताना एक पाहून घ्या. मऊ व्हिनाइलचे टायर असतील तर त्यांच्यातलं प्लॅस्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनच्या चाकाला मऊ करतं. वर्षांनी कपाटातून काढलेल्या मॉडेलचं चाक टायरात वितळून बसलेलं सापडतं ते यामुळे. चाक आणि टायर यांच्यामध्ये किचन फॉइलची पट्टी घातली तर ते एकमेकांना लागत नाहीत.

राहिली नंबर प्लेट. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. मोटारीच्या नंबरातली अक्षरं नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच आणि त्यांची रेघ १० मिलिमीटर जाड; मॉडेलवर हेच माप २.७ आणि ०.४२ मिलिमीटर होतं. ब्रशने हे जमणार नाही. पारदर्शक वॉटर-स्लाइड डेकल कागदावर (पाण्यात भिजवला की छापलेला पातळ पापुद्रा सुटतो असा कागद) काळ्यात छापा आणि छताच्याच पिवळ्याने रंगवलेल्या प्लेटवर सरकवा. घरातला ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) साधा लेझर प्रिंटर त्या रेघेच्या रुंदीत दहा ठिपके बसवतो. नंबर वाचता यायला तेवढे पुरतात.