रुईवरचं फुलपाखरू आणि घोळातला घोळ

ठाण्यात शनिवारी सकाळी कुठल्याही मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा घेऊन बसलेल्या बायका दिसतात. मागच्या श्रावणात घेतलेल्या माळेत एका पानाच्या पाठीला बोटाच्या पेराएवढी अळी चिकटलेली होती. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, त्यात पिवळे ठिपके आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मावशींना दाखवली तर म्हणाल्या, "थांबा, ते पान काढून दुसरं ओवते." म्हटलं, "काढा, पण ते पान मलाच द्या." त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण पान दिलं.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रोज ताजं रुईचं पान घालत होतो. चार दिवसांत तिने खाणं थांबवलं आणि झाकणाला उलटी लटकून कोष केला. पोपटी रंगाचा, वरच्या अंगाला सोनेरी टिकल्यांची एक ओळ, सोनाराने बसवल्यासारखी. आठवड्याभराने कोष काळवंडला, आत नारिंगी पंख दिसायला लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेन टायगर बाहेर आलं. मराठीत याला बिबळ्या कडवा म्हणतात. नारिंगी पंख, पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा.

एवढ्या अनुभवावर मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. त्यानंतर महिनाभराने वाशीच्या आत्याने गच्चीतल्या कुंडीवर बसलेल्या नारिंगी फुलपाखराचा फोटो पाठवला. मी लगेच उत्तर दिलं, "प्लेन टायगर, आत्या." तिचा फोन आला. "अरे, पण हे घोळावर अंडी घालतंय. ते तुझं रुईवर घालतं म्हणालास ना?"

आत्या कुंडीत घोळ लावते तो भाजीसाठी. मुगाची डाळ घालून सुकी किंवा ताकातली पातळ. तिने फुलपाखरांचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, पण नेमका प्रश्न तिनेच विचारला. फोटो मोठा करून पाहिला आणि माझी चूक समजली. ते प्लेन टायगर नव्हतं, ती छोट्या चांदव्याची मादी होती. इंग्रजीत डॅनाइड एगफ्लाय.

मागच्या पंखांवरचे काळे ठिपके मोजले की दोघं वेगळी करता येतात. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन ठळक काळे ठिपके असतात. नराला चौथाही असतो, जरा मोठा आणि फुगीर. ती त्याची गंधाची पिशवी. चांदव्याच्या मादीला मात्र मागच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच काळा डाग असतो आणि मधला नारिंगी भाग कोरा. मग पंखाची कड पाहायची. प्लेन टायगरची कड साधी, गुळगुळीत; चांदव्याच्या मादीची नागमोडी, बाहेरच्या काळ्या पट्टीत पांढऱ्या नक्षीची किनार. पंख मिटलेले असले तरी ठिपके खालच्या बाजूने दिसतात, त्यामुळे फोटो कसाही आला तरी चालतो. नारिंगी रंगावर मात्र अजिबात जाऊ नका, तो फसवण्यासाठीच आहे.

फसवतंय कोण आणि कोणाला? रुईच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. म्हणून तर शेळीसुद्धा रुईला सहसा तोंड लावत नाही आणि पान तोडताना चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून घरातली मोठी माणसं ओरडतात. प्लेन टायगरची अळी हेच पान खाते. खाण्याआधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते आणि मग पुढचा भाग खाते. श्रीखंडाच्या डब्यात हे पाहायला मला भिंग लागलं, पण दिसलं. पोटात गेलेलं विष ती साठवून ठेवते आणि ते फुलपाखरापर्यंत पोचतं. एखाद्या पक्ष्याने एकदा चोच मारली की तो कडू घास त्याच्या लक्षात राहतो. कडवा हे नाव उगीच नाही पडलेलं. त्यामुळे प्लेन टायगरला कसली घाई नसते. ते जमिनीलगत, रमतगमत उडतं, पकडलं तर मेल्याचं सोंग घेतं, आणि कातडी चिवट असल्याने पक्ष्याने सोडून दिल्यावर पुन्हा उडूनही जातं.

चांदव्याची अळी घोळ खाते. घोळ आपण खातो, कोंबड्या खातात, त्यात विष कुठून येणार? म्हणजे चांदव्याची मादी पक्ष्यासाठी चांगला घास आहे. तिने नुसते कडव्याचे कपडे चढवलेत. कडव्याची सवय लागलेला पक्षी तिच्याही वाटेला जात नाही. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात हिंडला आणि या नकलेमागचं कारण त्याने १८६२ साली मांडलं, म्हणून तिला बेट्सची नक्कल म्हणतात. यात एक अट असते. नक्कल करणारे अस्सलपेक्षा कमी हवेत. खोट्यांची गर्दी झाली तर पक्ष्याला दहापैकी आठ वेळा गोड घास मिळेल आणि रंगाची भीतीच उरणार नाही.

गंमत म्हणजे चांदव्याचा नर नक्कल करतच नाही. तो मखमली काळा, पुढच्या प्रत्येक पंखावर दोन आणि मागच्या प्रत्येक पंखावर एक पांढरा चांद, चांदाभोवती जांभळी झळाळी. नाव पडलं ते या चांदांवरून. दोघं शेजारी बसली तरी नवरा-बायको आहेत असं कोणी म्हणणार नाही. मादीनेच सोंग का घ्यावं? पोटात अंडी असली की ती जड होते, सावकाश उडते, आणि ठरावीक झाड शोधत एकाच जागी घुटमळते. धोका तिला जास्त, असं अभ्यासक मानतात. मला हे पटतं.

कुठे पाहावीत? जागेवरून दोघांत फारसा फरक करता येत नाही. रुईला गर्द सावली नको, ऊन आणि दगडमाती हवी. त्यामुळे घोडबंदर रोडच्या मागचे बांधकाम रखडलेले प्लॉट, रेल्वे रुळांच्या कडा, खाडीकडचे भराव, खारघरच्या टेकडीचा पायथा, सगळीकडे रुई आणि रुईबरोबर प्लेन टायगर. येऊरच्या दाट झाडीत तुम्हाला ते क्वचितच दिसेल, रानाच्या कडेला दिसेल. घोळही अशाच उघड्या जागी, शिवाय कुंड्यांत, बागांच्या वाफ्यांत आणि फुटपाथच्या फटीत उगवतो. ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडं लावली आहेत. तिथे निवांत सराव होतो.

महिना मात्र कामी येतो. प्लेन टायगर बारा महिने दिसतं, कारण रुई मे महिन्यातही हिरवी असते. चांदवा मुख्यतः पावसाळ्यातला आणि त्यानंतरचा. जूनच्या सरींनी घोळ तरारला की जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत त्याचे दिवस. एप्रिलमध्ये नारिंगी फुलपाखरू दिसलं तर माझा पहिला अंदाज प्लेन टायगरचाच असतो. सप्टेंबरमध्ये मात्र ठिपके मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

आणखी एक बघायचं, एक पाऊल पुढे टाकायचं. प्लेन टायगर उठतं आणि त्याच चालीने दोन हात पलीकडे जाऊन बसतं. चांदव्याची मादी एरवी त्याच्यासारखीच संथ उडते, पण घाबरली की सोंग विसरते आणि सुसाट निघून जाते. नर तर झाडाच्या वाळक्या काडीवर पंख पसरून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावून जातो. खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या वाळलेल्या झाडावर चार-पाच नारिंगी फुलपाखरं एकदम चिकटलेली दिसली तर ते बहुधा प्लेन टायगरचे नर. मादीला रिझवणाऱ्या गंधाचा कच्चा माल ते तिथून गोळा करतात.

चांदव्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याचं खाद्य मात्र आपल्या सोसायट्यांमध्ये तण म्हणून उपटलं जातं. आमच्या माळीकाकांना मी दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, कमिटीला लॉन स्वच्छ पाहिजे." कमिटीत मीही आहे, त्यामुळे गप्प बसलो.

आत्याने त्या वर्षी एका कुंडीतला घोळ खुडला नाही. दहा दिवसांनी पुन्हा फोटो आला: तांबूस डोक्याची, काळसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेली अळी. खाली प्रश्न, "ही चावते का रे?"

नाही चावत, आत्या. काटे नुसते दाखवायला आहेत.