मत मिळण्याआधीची सवय: मराठवाड्यातील लोककृतीची पार्श्वभूमी

२९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी या गावात मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण सुरू झाले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. पुढच्या दोन महिन्यांत मराठवाड्यातल्या गावोगावच्या वेशीवर फलक दिसू लागले: 'सर्वपक्षीय नेत्यांना गावबंदी'. आरक्षणाची मागणी बरोबर की चूक, हा या टिपणाचा विषय नाही. पण मुंबई-पुण्याच्या चर्चांमध्ये त्या फलकांचा अर्थ 'लोकांचा मतदानावरचा विश्वास उडाला' असा लावला गेला, तो मला अपुरा वाटतो. मतपेटीला वळसा घालून आपले काम करून घेण्याची मराठवाड्याची सवय मतदानाच्या हक्कापेक्षा जुनी आहे.

१९४८पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाच मराठी जिल्हे होते. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानानुसार आधी परवानगी काढावी लागे आणि ती सहसा मिळत नसे. १९३९मध्ये जाहीर झालेल्या राजकीय सुधारणांतही प्रतिनिधित्व धंद्यांच्या आणि हितसंबंधांच्या गटांवर बेतलेले होते. गावातल्या साध्या कुळाला किंवा मजुराला त्यात मतदार म्हणून जागा नव्हती.

मग लोकांनी काय केले? शाळा काढल्या. आज ऐकायला हे साधे वाटते, पण त्या काळात खासगी मराठी शाळा चालवणे हेच राजकारण होते. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ची. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तिथे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. नंतर त्यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत काम केले. सेलूचे नूतन विद्यालयही याच परंपरेतले. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची यादी काढली तर त्यातले कितीतरी जण या तीन-चार शाळांचे शिक्षक किंवा विद्यार्थी निघतात. सभेला बंदी होती म्हणून वाचनालये, गणेशोत्सवातले मेळे आणि कीर्तने यांतून माणसे एकत्र येत. पोलिसांनाही ते कळत होते, पण कीर्तन बंद पाडणे सभा बंद पाडण्याइतके सोपे नव्हते.

१९३७मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी हैदराबाद संस्थानातल्या काँग्रेसवर, म्हणजे स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. १९३८मध्ये सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांचा लढा पेटला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. १९४६मध्ये बंदी उठली, १९३९च्या सुधारणांतल्या मर्यादित मताधिकाराच्या निवडणुकाही झाल्या, पण स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार टाकला. म्हणजे मतदान नाकारून रस्त्यावर उतरण्याचा पहिला मोठा निर्णय इथे स्वातंत्र्याच्याही आधी झाला आहे.

१९४७-४८च्या शेवटच्या पर्वात लोकांनी काय केले, ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण त्यामागे हिशेब होता. शिंदीची झाडे तोडली गेली, कारण आबकारीचे, म्हणजे दारू-शिंदीवरच्या कराचे, उत्पन्न निजामाच्या तिजोरीत जाई. धान्याची लेव्ही द्यायचे नाकारले. सीमेवरचे करोडगिरी (जकात) नाके जाळले. गावच्या पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले की वसुलीच अडे. संस्थानाच्या हद्दीबाहेर उभारलेल्या कॅम्पांतून या हालचाली चालत. हे सगळे अहिंसक होते असे मात्र कुणी सांगू नये. जानेवारी १९४८मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली ती लढ्याला पैसा हवा म्हणून. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आजही घेतले जाते ते हातबॉम्बच्या संदर्भात. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळात गावाला फार निवड उरलेली नव्हती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८च्या लष्करी कारवाईने हे पर्व संपले. मराठवाड्याच्या सर्वसामान्य माणसाने पहिले खरेखुरे मत टाकले ते त्यानंतर, १९५२च्या निवडणुकीत.

या पिढीचे पुढे काय झाले, हाही इतिहासाचाच भाग आहे. काहीजण आमदार-खासदार झाले, काहींनी संस्था सांभाळल्या. लढ्यातून निघालेल्या शिक्षणसंस्था बघून नंतर इतरांनी ज्या काढल्या, त्यांतल्या बऱ्याच निवडणुकीच्या यंत्रणा बनल्या: प्राध्यापक प्रचाराला, विद्यार्थी झेंडे लावायला. लोककृतीच्या गौरवगाथेत हे पान सहसा वगळले जाते.

दुसरे वगळले जाणारे पान जास्त अवघड आहे. 'लोक' म्हणजे कोण? गाव एकत्र आले असे आपण म्हणतो तेव्हा महारवाडा आणि मांगवाडा त्यात होता का? निजामी राजवट गेली म्हणून गावातली उतरंड गेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे आधीच ओळखले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी १९५०मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या दलित मुलांची पहिली मोठी शिकलेली फळी तिथून बाहेर पडली.

नामांतराच्या लढ्यात हा प्रश्न उघडा पडला. मराठवाडा विद्यापीठ १९५८मध्ये स्थापन झाले. त्याला आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. मतपेटीतून आलेल्या प्रतिनिधींनी निर्णय घेतला, म्हणजे काम झाले असे वाटावे. पण ठरावाची बातमी येताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव तिथेच थिजला.

हल्ले करणारेही जमाव करूनच आले होते, हे विसरता येत नाही. नामांतराला विरोध करणाऱ्यांत मुक्तिसंग्रामातले काही मोठे लोकही होते. गोविंदभाई श्रॉफ विरोधात होते, अनंत भालेराव यांचे 'मराठवाडा' दैनिक विरोधात होते. त्यांनी दंगलींना चिथावणी दिली असे कुणी म्हणू नये, त्यांचा युक्तिवाद प्रादेशिक अस्मितेचा होता. पण निजामाविरुद्ध ज्यांनी सामूहिक कृतीचे धडे दिले, त्यांच्यातल्याच काहींना दुसऱ्यांची सामूहिक कृती आपली वाटली नाही.

दलितांकडे गावात संख्याबळ नव्हते. त्यांच्या हातात रस्ता होता. १९७९मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. पुढे सत्याग्रह, जेलभरो, मोर्चे असे १९९४पर्यंत चालले. नोव्हेंबर १९९३मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. विधिमंडळाने एका दिवसात दिलेले नाव पाटीवर यायला लोकांना दीड दशक लढावे लागले.

मधल्या काळात इतरही बरेच घडले. १९७४मध्ये विद्यार्थ्यांचे मराठवाडा विकास आंदोलन झाले, वसमतला गोळीबार झाला. मागास भागाचा अनुशेष हा शब्द तेव्हापासून इथल्या प्रत्येक भाषणात आहे. डिसेंबर १९८६मध्ये हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणाऱ्या शेतकरी संघटनेत निवडणुकीपासून दूर राहावे की उतरावे, हा वाद कायम धुमसत राहिला. १९९४मध्ये संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तरी तो मिटला नाही.

१९७२च्या दुष्काळाबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर लाखो माणसे आली, त्यातून रोजगार हमी योजना घडली. तिचा कायदा १९७७मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. त्यात एक बारीक तरतूद होती: नवे काम काढायचे तर निदान ५० मजुरांची मागणी हवी. एकट्याने अर्ज करून भागत नसे. त्यामुळे एकेका गावात मजुरांना आधी एकमेकांना गाठावे लागे, मग तहसीलवर जावे लागे. कायद्यानेच संघटन करायला भाग पाडले, असे उदाहरण मला दुसरे पटकन आठवत नाही. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी उभ्या केलेल्या 'मानवलोक'सारख्या संस्थांचे काम याच दुष्काळी, कोरडवाहू पट्ट्यात वाढले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपानंतर आणखी एक धागा सुरू झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या गावांचे पुनर्वसन नव्या जागी झाले, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरांना तडे गेले होते आणि तिथे घरमालकाने स्वतः दुरुस्ती करून घ्यायची होती. अनुदान, सिमेंट, इंजिनियर, तलाठी या सगळ्यांशी बोलायला गावात कुणीतरी हवे होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायकांना 'संवाद साहाय्यक' म्हणून तयार केले. घराचा पाया कसा बांधतात हे विचारणाऱ्या बाईला गवंडी आधी हसले असतील, नंतर उत्तर द्यावे लागले. याच जाळ्यातून पुढे बचत गट आले आणि 'एक एकर शेती'चा प्रयोग आला. नवऱ्याकडून एक एकर मागून घ्यायचे, त्यात घराला लागणारे धान्य-भाजी पिकवायची, पीक काय घ्यायचे ते बाईने ठरवायचे. २०१६मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. घरात एका एकराचा निर्णय मिळवणे हे ग्रामपंचायतीत निवडून येण्यापेक्षा अनेकींना अवघड गेले असणार, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही.

बायकांनी मतदानच हत्यार म्हणून वापरले, असेही एक उदाहरण आहे: दारूबंदीची 'आडवी बाटली'. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान होते, आणि एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मेख 'एकूण नोंदलेल्या' या अटीत आहे. मतदानाला न आलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. बीडच्या गावांत दिवाळीनंतर निम्मी घरे कुलूपबंद असतात, माणसे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात. अशा गावात ही निवडणूक जिंकायची तर मतदानाआधी कित्येक महिने घरोघर फिरावे लागते.

ऊसतोड मजुरांची मजुरीही अशीच ठरत आली. हंगामाच्या तोंडावर 'कोयता बंद'ची हाक द्यायची, कारखानदारांना टेबलावर बसवायचे. जानेवारी २०२४मध्ये दरात ३४ टक्के वाढ ठरली ती अशा वाटाघाटीतून. करार करणारे दोन्हीकडचे नेते मात्र निवडून येणारेच, त्यामुळे इथे मतदान आणि आंदोलन वेगळे काढता येत नाही.

सर्वांत लांबलेला लढा गायरानांचा, म्हणजे गावच्या सामाईक चराऊ जमिनींचा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांनी सरकारी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला, १९५९ आणि १९६४मध्ये तो राज्यभर आणि देशभर पसरला. बीड जिल्ह्यात नव्वदच्या दशकात ॲड. एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानाने त्याला धार दिली. पद्धत सरळ होती: गायरान नांगरायचे, पेरायचे, पीक उभे करायचे. गावाने जनावरे घातली, बहिष्कार टाकला, मारहाण केली, तरी पुढच्या मृगाला पुन्हा पेरायचे. तहसीलने अतिक्रमणाचा दंड केला तर तो भरायचा आणि पावती जपून ठेवायची, कारण जमीन कसत असल्याचा तोच पुरावा. तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, हा या चळवळीत सातबाऱ्याइतकाच ओळखीचा कागद आहे. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९०पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. निर्णय झाला, अंमल तालुक्यागणिक वेगळा झाला आणि असंख्य अर्ज पडून राहिले.

२०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची वाट त्यात ठेवली होती. तरी २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर नोटिसा निघाल्या तेव्हा तीस-तीस वर्षे कसणाऱ्यांच्या दारातही त्या पोचल्या. आता शेतीपंपांच्या सौर वाहिनी प्रकल्पांसाठी गायराने लागतात. जमीन मोकळी आहे की कुणाच्या ताब्यात, याची विचारणा ग्रामपंचायतीकडे येते, आणि तिथे बहुमत कसणाऱ्यांचे नसते. म्हणून कार्यकर्ते गावात पोचले की आधी दंडाच्या जुन्या पावत्या शोधायला सांगतात आणि मग तलाठ्याकडे १-ईच्या नकलेसाठी अर्ज करतात.