चेहरा गेला, झगा राहिला

इंग्लंडमधल्या काही चर्चमध्ये १८६० आणि १८७०च्या दशकांतल्या रंगीत खिडक्या पाहताना मन चरकतं. संताचा निळा झगा तसाच झळाळतो आहे, डोक्यामागचं तेजोवलयही सोनेरी आहे. चेहऱ्याच्या जागी मात्र जवळजवळ कोरी काच. डिझाइनर विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८६१मध्ये काढलेल्या कंपनीच्या खिडक्याही यातून सुटल्या नाहीत.

झग्याचा रंग काचेच्या अंगातच असतो. काचेच्या रसात कोबाल्ट मिसळला की ती निळी होते, आणि तो रंग पुसला जात नाही. डोळे, ओठ, गालावरची सावली हे मात्र फिकट काचेवर रंगवावं लागतं. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या ऑक्साइडची पूड आणि लवकर वितळणारी काचपूड गोंदाच्या पाण्यात घोटायची, लेप द्यायचा, सुकल्यावर कडक ब्रशने किंवा काडीने खरवडून उजेड मोकळा करायचा. मग भट्टीत साधारण ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, म्हणजे काचपूड वितळून खालच्या काचेला धरते. उष्णता कमी पडली तर रंग मंद, धुळकट दिसतो आणि पात्याने खरवडला की सुटतो.

काही रंगांत काचपूड आणखी लवकर वितळावी म्हणून टाकणखार घातलेला असे. सोनार डाग देताना वापरतात तोच. चूक इथे झाली. टाकणखार जास्त झालेल्या काचेला पाणी सोसत नाही. चर्चमध्ये माणसं जमली, शेगडी पेटली की थंड काचेवर आतून दव धरतं, आणि रंगाचा थरही आतल्याच बाजूला असतो. वर्षानुवर्षं ओल लागून तो भुसभुशीत होतो. त्यावर कुणी फडकं मारलं की उरलासुरला चेहराही जातो.

तेजोवलय का टिकतं? तो पिवळा रंग चांदीच्या क्षाराचा. तो सहसा काचेच्या बाहेरच्या बाजूला लावून थोड्या कमी उष्णतेवर भाजतात. चांदीचे आयन काचेतल्या सोडियमची जागा घेतात, म्हणजे रंग काचेत मुरतो.

पुढे क्रिस्टोफर व्हॉलसारख्या कलाकारांनी काच निवडण्यापासून भट्टीपर्यंतचं काम स्वतः समजून घेण्याचा आग्रह धरला. काचेच्या अंगचा रंग त्यांनी अधिक बोलू दिला. त्यासाठी १८८९च्या सुमारास आलेली, वास्तुकार एडवर्ड प्रायरची जाड काच त्यांच्या कामी आली. ती चौकोनी साच्यात फुंकत. तिच्या फळ्या मध्ये जाड, कडांना पातळ, त्यामुळे एकाच तुकड्यात गडद-फिकट छटा मिळत. मात्र तिच्यासाठी काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीची खाचही रुंद लागते.

गेलेला चेहरा मूळ काचेवर पुन्हा रंगवून भाजणं धोक्याचं, कारण जुनी काच तडकू शकते. त्याऐवजी पातळ काचेवर चेहरा रंगवून ती मागे बसवतात आणि कडा बंद करतात. बाहेरून वेगळी संरक्षक काच लावून मधल्या फटीत वरून-खालून आतली हवा खेळती ठेवली, तर दव मूळ काचेवर न धरता त्या नव्या काचेवर धरतं.