पायथन २ मधली फंक्शन्स अजून चालू असतील तर हे वाचून घ्या

आपल्या काही ग्राहकांच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पायथन २ (पायथन या प्रोग्रामिंग लँग्वेजचं जुनं व्हर्जन) मध्ये लिहिलेली स्टोअर्ड फंक्शन्स, म्हणजे डेटाबेसच्या आतच ठेवलेले छोटे प्रोग्राम, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतायत, म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही, आणि ते साहजिकच आहे. पण पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५ मधून ते काढूनच टाकलं, म्हणजे तुमची फंक्शन्स चालतील असं पोस्टग्रेसचं शेवटचं व्हर्जन १४, आणि त्याचे अपडेट नोव्हेंबर २०२६ मध्ये थांबतात. म्हणून ही फंक्शन्स पायथन ३ वर न्यावी लागतील. फंक्शनमध्ये लँग्वेजच्या जागी नुसतं पीएलपायथनयू (plpythonu) लिहिलेलं असेल, पुढे आकडा नसेल, तरी ते २ च आहे बरं का.

नोव्हेंबर २०२६ पर्यंत जुनं आम्ही सांभाळू, कोणालाही अर्ध्यात सोडणार नाही. नवीन फंक्शन मात्र पायथन २ मध्ये लिहून देणार नाही.

पायथन ३ वर नेताना प्रिंटला कंस नसेल तर फंक्शन बनवतानाच एरर येते, ती पाच मिनिटांत सुटते. खरा त्रास देतात ती गपचूप उत्तर बदलणारी फंक्शन्स. ४५ भागिले १२ चं उत्तर पायथन २ मध्ये ३ यायचं, आता पायथन ३ मध्ये ३.७५ येतं. २५०.५० चं बिल राउंड केलं की आधी २५१ व्हायचं, आता २५० होतं. आणि मराठी नावांची लांबी मोजत असाल तर बघाच, यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) डेटाबेसमध्ये 'पुणे' ची लांबी आधी १२ यायची कारण बाइट मोजले जायचे, आता अक्षरं आणि मात्रा वेगळ्या मोजून ४ येते. यात कुठेच लाल अक्षरं दिसत नाहीत, हिशोब जुळेना झाला की मगच कळतं.

म्हणून आम्ही आधी डेटाबेसची कॉपी घेतो, तिच्यावर तुमचाच जुना डेटा पायथन २ आणि ३ दोन्हीकडून चालवतो आणि उत्तरं ओळीला ओळ लावून बघतो. फंक्शन्स एकेक करून नाही, गटाने हलवतो, कारण एकाच सेशनमध्ये पायथन २ आणि ३ एकत्र चालत नाही, एकमेकांना बोलावणारी फंक्शन्स सोबतच न्यावी लागतात.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात: कुठलं फंक्शन बिलात, पगारात किंवा स्टॉकमध्ये वापरलं जातं ते माहीत असलेला एक माणूस, आणि तुमच्या महिनाअखेरच्या तारखा. त्या दिवसांत आम्ही सर्व्हरला हात लावत नाही.