पहिली ट्रिप वाया घालवू नका: ब्रेकर तपासणीबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्र्या, खानापूर, चिकोडी, अथणी पट्ट्यातले साखर कारखाने आणि ज्यांच्याकडे स्वतःचं ११ केव्हीचं किंवा मोठं ४१५ व्होल्टचं पॅनेल आहे, अशा सगळ्यांसाठी हे पत्रक आहे.

ब्रेकर ऑन आहे, लोड घेतोय, पॅनेल तापत नाही. यावरून कॉन्टॅक्ट बरे आहेत एवढंच कळतं. फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) आल्यावर तो ट्रिप होईल का, म्हणजे आपोआप उघडून वीज तोडेल का, हे त्यावरून कळत नाही. ट्रिपचं काम करणारे भाग वेगळे: कॉइल, तिचा प्लंजर (आतला सरकणारा दांडा), लॅच (ब्रेकर धरून ठेवणारी खिटी), स्प्रिंग. हे भाग महिनोन् महिने एकाच जागी दाबून बसलेले असतात आणि नेमक्या त्या क्षणी त्यांनी काही मिलिसेकंदांत हलायचं असतं.

याचा सगळ्यात मोठा धडा अणुवीज केंद्रातून मिळाला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये २५ फेब्रुवारी १९८३ रोजी अणुभट्टी थांबवण्याचा स्वयंचलित सिग्नल आला, पण ट्रिप ब्रेकर उघडले नाहीत. ब्रेकर दोन होते, एकामागे एक जोडलेले. दोघांपैकी एक उघडला असता तरी काम झालं असतं. चालकांनी सुमारे अर्ध्या मिनिटात हाताने बटण दाबून भट्टी थांबवली, म्हणून निभावलं. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली: तीनच दिवस आधी, २२ तारखेलाही हेच घडलं होतं. त्या दिवशी चालकांनी हाताने ट्रिप जवळजवळ त्याच वेळी दिली, त्यामुळे स्वयंचलित ट्रिप झालीच नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोष अंडरव्होल्टेज ट्रिपच्या यंत्रणेत होता. तिची रचना सुरक्षितच असते: कॉइलची वीज गेली की स्प्रिंगने लॅच सुटायचं. वीज गेलीही होती. पण झीज, धूळ आणि योग्य वंगणाचा अभाव यांमुळे लॅच अडकून बसलं. दोन्ही ब्रेकर एकाच बनावटीचे, देखभाल एकसारखी, म्हणून दोघेही एकत्रच अडकले. हाताच्या बटणाने शंट ट्रिप कॉइललाही (वीज दिली की ब्रेकर उघडणारी दुसरी कॉइल) वीज मिळत होती आणि तिचा जोर जास्त, म्हणून ब्रेकर उघडले. त्यानंतर तिथल्या नियामक मंडळाने अशा केंद्रांना स्वयंचलित सिग्नल शंट कॉइललाही द्यायला लावला आणि दोन्ही मार्गांची चाचणी वेगवेगळी घ्यायला सांगितली.

तुमच्या इन्कमर एसीबीलाही (पॅनेलला येणारा मुख्य पुरवठा घेणारा एअर सर्किट ब्रेकर) बहुतेक वेळा हेच दोन मार्ग असतात. पॅनेलवरचं ट्रिप बटण दाबलं, ब्रेकर पडला, रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहिलं, तर दोन्हींपैकी कुठल्या मार्गाने पडला ते कळत नाही. आम्ही ब्रेकर टेस्ट पोझिशनला (मुख्य विजेपासून सुटा, पण कंट्रोल पुरवठा चालू) घेऊन दोन्ही वेगळे तपासतो. आधी शंटची वायर काढून अंडरव्होल्टेजचा पुरवठा हळूहळू कमी करतो. रेटेड व्होल्टेजच्या ७० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान ब्रेकर पडायला हवा. मग अंडरव्होल्टेजला पूर्ण पुरवठा देऊन शंटला रेटेडच्या फक्त ७० टक्के व्होल्टेज देतो. ११० व्होल्ट डीसीची कॉइल असेल तर ७७ व्होल्ट. एवढ्यावर पडला नाही, तर बॅटरी थोडी उतरलेल्या दिवशी तो पडेल याची खात्री देता येत नाही.

आता तुम्हाला कळकळीने सांगायची गोष्ट. तपासणीला माणूस यायच्या आधी ब्रेकर साफ करून, स्प्रे मारून, दोन-चार वेळा ऑन-ऑफ करून ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो, पण त्याने तपासणीचा जीवच जातो. घट्ट झालेलं ग्रीस पहिल्याच हालचालीत सुटतं; दुसऱ्या, तिसऱ्या ट्रिपला ब्रेकर नव्यासारखा चालतो. फॉल्ट मात्र दुसऱ्या ट्रिपची वाट बघत नाही. अणुवीज केंद्रांत चाचणीआधी यंत्र असं ‘तयार’ करून ठेवण्यावर म्हणूनच आक्षेप घेतला जातो.

समजा ११ केव्ही व्हीसीबीची (व्हॅक्युम सर्किट ब्रेकरची) उघडण्याची वेळ पहिल्या ट्रिपला ८५ मिलिसेकंद आली आणि लगेच पुढच्या ट्रिपला ४८. तर खरा आकडा ८५. बऱ्याच व्हीसीबींची वेळ ६० मिलिसेकंदांच्या आत असते. तुमच्या ब्रेकरची मर्यादा त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. फॉल्टची उष्णता वेळेच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेकर उशिरा उघडला तर वरचा ब्रेकर आधी पडतो. मग एका फिडरच्या फॉल्टसाठी अख्खा कारखाना अंधारात, आणि इंडक्शन फर्नेसमध्ये वितळलेला माल अडकतो. म्हणून टायमर आम्ही पहिल्या ट्रिपच्या आधी जोडतो, ट्रिप कॉइलच्या करंटचा आलेखही त्याच वेळी घेतो. प्लंजर सुटायला अडखळला की आलेखातला खळगा पुढे सरकलेला दिसतो.

ग्रीसबद्दल. गंज सोडवणारा स्प्रे लॅचवर मारू नका. तो जुनं ग्रीस धुऊन काढतो, चार दिवस ब्रेकर झकास चालतो, मग स्प्रे उडून जातो आणि कोरड्या पिनांवर धूळ बसते. फाउंड्रीत वाळूची आणि काजळीची, साखर कारखान्यात बगॅसची (उसाच्या चोथ्याची). सेलमलाही निर्मात्याने न सुचवलेलं वंगण वापरलं गेलं होतं. जुनं ग्रीस पूर्ण पुसून, निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस, सांगितलेल्याच पिनांवर, बोटाला जेमतेम लागेल एवढा पातळ थर. कॉइलच्या प्लंजरला ग्रीस लावू नये.

बॅटरी: चार्जर चालू असताना मीटर ११० दाखवतो, यात बॅटरीचं काही श्रेय नसतं. चार्जरचा एसी पुरवठा बंद करा आणि ट्रिप देतानाच कॉइलच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. उतरलेली सेल, सैल लग, हिरवा गंज चढलेलं टर्मिनल, सगळं त्या एका क्षणात उघडं पडतं. दोन इन्कमरना एकच बॅटरी आणि एकच फ्यूज असेल, तर तुमच्याकडेही सेलमसारखे दोन ब्रेकर एकाच दोषाने अडकू शकतात. प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि ट्रिप सर्किट सुपरव्हिजन रिले (ट्रिपचं सर्किट शाबूत आहे का यावर सतत लक्ष ठेवणारा) लावा. खर्च फार नाही.

बाकी चाचण्या नेहमीच्या: १०० अँपिअर डीसीवर कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (तीन फेजपैकी एखादा सगळ्यात कमी आकड्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त असेल तर खोलून बघायचं), ११ केव्हीला ५ केव्ही मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर), एसीबीला १ केव्ही.

ब्रेकरला हात लावण्याआधी स्प्रिंग मोकळी केलीच पाहिजे. ऑन असलेल्या आणि स्प्रिंग चार्ज असलेल्या व्हीसीबीत ऑफ-ऑन-ऑफ एवढी ताकद शिल्लक असते. चार्जिंग मोटरचा पुरवठा काढा, मग ऑफ, ऑन, ऑफ करा, आणि इंडिकेटरवर ‘डिस्चार्ज’ दिसल्यावरच कव्हर काढा. ‘काम चालू आहे’चा टॅग कन्नड आणि मराठी दोन्हींत लावतो, पाळी बदलल्यावर येणारा वायरमन कुठली लिपी वाचतो हे धरून चालता येत नाही.

साखर कारखान्यांनी ही तपासणी गाळप सुरू होण्याआधी, पावसाळ्यानंतर लगेच ठेवावी. गाळप बंद असण्याच्या काळात मेन ऑफ केला की पॅनेलचा स्पेस हीटरही (आतला ओलावा घालवणारा) ऑफ होतो आणि खानापूरकडच्या ओलाव्यात लॅच गंजतं, इन्सुलेशनचा आकडा घसरतो. हीटरला वेगळा पुरवठा ओढून घ्या.

‘आमचं युनिट थांबवता येत नाही’ असं आम्हाला अनेकदा सांगितलं जातं. आपल्याच राज्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कैगा केंद्राचं पहिलं युनिट सलग ९६२ दिवस चालून ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबलं. अशा केंद्रात सुरक्षेचे तीन चॅनेल असतात, ट्रिपसाठी तिघांपैकी दोघांची सहमती लागते; म्हणून भट्टी चालू ठेवून एकेक चॅनेल तपासता येतो. तुमच्याकडे बस कपलर (पॅनेलचे दोन भाग जोडणारा ब्रेकर) आणि दोन इन्कमर असतील तर अर्धा लोड हलवून एकेक ब्रेकर काढता येतो. नवीन पॅनेल घेताना ही सोय मागून घ्या.

नदीकाठच्या ग्राहकांसाठी: ११ मार्च २०११ ला फुकुशिमा दाईचीत तळघरातली स्विचगिअर पॅनेलं पाण्याखाली गेली, आणि नंतर वीजपुरवठ्याच्या गाड्या पोहोचल्या तरी जोडायला धड बोर्ड उरले नव्हते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या २०१९ च्या पुराची खूण तुमच्या भिंतीवर असेल, तर पॅनेलचा आणि बॅटरीचा चौथरा त्या खुणेच्या वर घ्या. पाण्यात बुडालेला एमसीसीबी (बंद डबीतला छोटा ब्रेकर) आणि इलेक्ट्रॉनिक रिलीज (ट्रिप देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) सुकवून पुन्हा लावू नये; बदलायचाच.

आम्हाला बोलावताना प्रत्येक ब्रेकरच्या नेमप्लेटचा फोटो, कंट्रोल व्होल्टेज, शेवटच्या ट्रिपची तारीख आणि काउंटरचा (ब्रेकर किती वेळा चालला ते मोजणारा) आकडा पाठवा. आम्ही आल्यावर काउंटरचा आकडा पुन्हा बघतो. तो पुढे गेलेला असेल तर पहिल्या ट्रिपचा रिपोर्ट देता येत नाही आणि तसं रिपोर्टवर लिहितो.